डेन्मार्कचे दोन टक्के

कोलार रोड, भोपाळ
१२ ऑगस्ट २०१८

श्री. अच्युतराव गर्गे यांस,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे. ती मी आज मोडते, कारण या वयात उगाच खोटं लिहवत नाही.

तुमचं पत्र मिळालं. विश्वास गेले त्याला गेल्या जानेवारीत चार वर्षं झाली. तेव्हा नवरा गेलेल्या बाईला तुमच्याकडून दोन ओळी आल्या नाहीत, तुमच्या बायकोचा, प्रमिलाचा, फोन आला नाही. आता मात्र पुण्याहून स्पीड पोस्टाने चांगलं जाडजूड पाकीट आलं. चार पानं मजकूर. पहिल्या तीन पानांत तुमची बायपास, तुमची बाल्कनी आणि बाल्कनीतून दिसणारी टेकडी. काम चौथ्या पानावर. तुम्ही पुस्तक लिहिताय: कोणत्या देशाने अणूपासून किती वीज काढली, वारा, पाणी आणि उन्हापासून किती काढली, आणि आपण त्यात कुठे बसतो. त्यासाठी तुम्हाला विश्वासची रजिस्टरं हवी आहेत.

कॉम्प्युटरवर सगळं मिळत असताना या जुन्या वह्या कशाला, असं मी विचारणार होते. पण उत्तर तुम्हीच आधी देऊन ठेवलंत. आकडे मिळतात, ते कसे मोजले हे मिळत नाही. खरं आहे ते. फ्रान्स जानेवारी ते डिसेंबर मोजतो, आपण एप्रिल ते मार्च. कुणी यंत्रातून निघालेली सगळी वीज धरतो, कुणी केंद्राची स्वतःची खपत वजा करून उरलेली. नॉर्वे आपली सगळी धरणं नवीकरणीय विजेत घालतो; आपलं सरकार पंचवीस मेगावॅटच्या वरचं धरण त्यात धरतच नाही. म्हणजे दोन देश शेजारी मांडले की आपलं भाक्रा-नांगल कागदावरून गायब होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, हे लोक नुसता कोळसाच जाळतात. ही प्रत्येक भानगड विश्वासनी पानाखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहून ठेवली आहे. १९८७ पासून २०१३ पर्यंत, सत्तावीस रजिस्टरं. निवृत्तीनंतर त्यांचे डोळे अधू झाले तेव्हापासून मी वाचायची आणि ते लिहायचे. शेवटच्या रजिस्टरात जपानपुढे लिहिलंय, 'सप्टेंबरपासून अणुवीज शून्य'. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले.

जगात दुसरीकडे कुठे अशा वह्या असतील असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटत नसणार, नाहीतर तुम्ही माझं दार ठोठावलं नसतंत.

रजिस्टरं देईन. फुकट देईन. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. १९९१ साली कमिटीपुढे गेलेल्या तक्त्यात डेन्मार्कचा आकडा कुणाचा होता? एका वाक्यात उत्तर देण्यासारखा प्रश्न आहे. टेकडीचं वर्णन केलं नाहीत तरी चालेल.

शशिकला आठल्ये


९ सप्टेंबर २०१८

श्री. अच्युतराव,

उत्तर वाचलं. 'वहिनी, एक्क्याण्णव सालचं आता नीटसं आठवत नाही, आणि शेवटी तो साऱ्या कमिटीचा विषय होता.' त्याच पाकिटात तुम्ही पुस्तकाचं पत्रक घातलंत. त्यावर ठळक अक्षरात छापलंय की पवनऊर्जेचं भविष्य लेखकाने १९९१ सालीच ओळखलं होतं. म्हणजे पत्रात ते साल तुम्हाला आठवत नाही आणि पत्रकात झकास आठवतं. धन्य आहे तुमची.

मग मीच आठवण करून देते. मी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे, मला पायऱ्या गाळता येत नाहीत.

आपल्या भोपाळच्या कारखान्यात तेव्हा दोन तट होते. पुढची दहा वर्षं अणुवीज केंद्रांच्या टर्बाइनवर भर द्यायचा की पवनचक्क्यांचा नवा शॉप, म्हणजे विभाग, काढायचा, यावर. शॉप निघाला असता तर त्याचे प्रमुख तुम्ही झाला असतात. विश्वास नियोजन विभागात तुमच्या हाताखाली होते. कमिटीपुढे ठेवायचा दोन पानी तक्ता त्यांनी केला. फ्रान्समध्ये शंभरातले पंच्याहत्तर युनिट अणूचे, नॉर्वेत जवळजवळ सगळे पाण्याचे, स्वीडनमध्ये साधारण निम्मे अणूचे आणि निम्मे पाण्याचे, आपल्याकडे अणूचे दोन. वाऱ्यात सगळ्यांत पुढे डेन्मार्क, आणि तिथेसुद्धा शंभरातले दोनच. पण कमिटीपुढे जो कागद गेला त्यावर दहा होते.

दोनाचे दहा कसे होतात? सातवीच्या मुलींना सांगते तसं सांगते. पातेलं केवढं आहे ते वेगळं आणि वर्षभरात त्यात भात किती शिजला ते वेगळं. पवनचक्कीची क्षमता म्हणजे पातेलं. ती वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास न थांबता फिरली असं धरून गुणाकार केला की दोनाचे दहा होतात. अणुभट्टी बराच काळ सलग चालते, वारा मात्र पडतो. या दोघांची तुलना करताना हाच तर सगळा फरक आहे, आणि तोच त्या कागदावरून पुसला गेला होता.

दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञाने चष्मा काढून विचारलं, "क्या डेन्मार्क में हवा कभी छुट्टी पर नहीं जाती?" सगळा हॉल हसला. तुम्ही कागद उलटलात, दुसऱ्या पानावरची सही दाखवलीत आणि म्हणालात, संकलन आठल्येंचं आहे. आपल्याकडची रीतच ती. खालच्या माणसाची सही आधी, तीही फक्त शेवटच्या पानावर. वरच्याची सही मंजुरी मिळाल्यानंतर. तोवर साहेब नामानिराळा.

विश्वासना मेमो मिळाला आणि बदली झाली ती स्टोअर्समध्ये. फ्रान्स-नॉर्वे जिभेवर असलेला माणूस चौदा वर्षं नट-बोल्टांच्या पेट्या मोजत राहिला आणि तिथूनच निवृत्त झाला. तुम्ही जनरल मॅनेजर होऊन गेलात. कॉलनीत त्यांना नाव पडलं 'डेन्मार्क'. भाजीवाला म्हणायचा, डेन्मार्कसाहेब, आज मेथी ताजी आहे. मैदानावरची मुलं त्यांना सायकलवरून येताना पाहून ओरडायची. आमची सुचेता तेव्हा आठवीत होती, ती घरी येऊन दप्तर भिरकावायची.

तुमचं पत्रक मी फ्रिजवर लावलं आहे. डेन्मार्क आज वाऱ्यातून चाळीस टक्क्यांच्या वर वीज काढतो, म्हणून तुम्हाला वाटतंय की काळाने तुम्हाला बरोबर ठरवलं. तेव्हा ते दोन होते, अच्युतराव. खोटं बोलून झाल्यावर तीस वर्षांनी वारा वाढला, तर ते खोटं खरं होत नाही.

असो. मी अगदीच काही दुष्ट नाही. सोबत २०१०चं रजिस्टर पाठवते. पुस्तक छापायची घाई आहे ना, मग यातलं हवं ते बिनधास्त घ्या.

शशिकला आठल्ये


१४ ऑक्टोबर २०१८

अच्युतराव,

पकडलंत. मला वाटलं नव्हतं.

'वहिनी, रजिस्टराचं पहिलं पान विश्वासचं नाही. कुणीतरी बदललं आहे.' तुमचं हे वाक्य मी गॅलरीत बसून चार-पाच वेळा वाचलं. शेजारच्या वैजयंतीने विचारलं, कसली एवढी गंमत? ही वैजयंती म्हणजे टाउनशिपमध्ये भिंतीला भिंत लागून राहायची तीच, आता इथेही आमच्याच मजल्यावर आहे. मी तिला म्हटलं, एका साहेबाला तीस वर्षांनी दृष्टी आली.

हो, मीच बदललं. शिवण उसवली, त्याच कंपनीचं जुनं कोरं रजिस्टर होतं त्यातलं पान घेतलं, आणि तीन दिवस खपून विश्वासच्या अक्षरात सगळं उतरवलं. फक्त स्पेनमध्ये अदलाबदल केली. वाऱ्याचे होते ते अणूचे केले आणि अणूचे होते ते वाऱ्याचे. दोन्ही आकडे जवळजवळचे, सहज कुणाच्या लक्षात येणार नाहीत. पण पुस्तक बाजारात आलं असतं आणि एखाद्या जाणकाराने भर समारंभात तुम्हाला विचारलं असतं, तर मला हवं होतं ते झालं असतं. त्या समारंभाला पुण्याला यायचं तिकीटसुद्धा मी बघून ठेवलं होतं. पुढच्या रांगेत बसणार होते.

तुम्ही कसं ओळखलंत तेही लिहिलंत. बाकी प्रत्येक पानाच्या तळाशी विश्वासची छोटी सही आहे आणि त्या पानावर नाही. अक्षर मी हुबेहूब काढलं, सही मात्र माझ्या हातून झाली नाही. पेन तीनदा टेकवलं आणि उचललं.

पण तुम्ही एक विचारलं नाहीत. घरच्या वह्यांत, ज्या कुठल्याही कमिटीपुढे जाणार नव्हत्या, त्यांत एखादा माणूस पानापानावर सही कशाला करेल? १९९० पर्यंतच्या चार रजिस्टरांत फक्त शेवटच्या पानावर सही आहे. एक्क्याण्णवपासून प्रत्येक पानावर. तुम्ही हे विचारलं नाहीत, कारण तुम्हाला उत्तर माहीत आहे. बदललेलं पान ओळखायला ते आधी कुणाचं तरी बदलावं लागतं.

आता माझ्याजवळ काय आहे ते सांगते. विश्वास गेल्यावर वर्षभर मी त्या कपाटाला हात लावला नव्हता. मग एकदा वाळवी बघायला म्हणून वह्या काढल्या, तर १९९१च्या रजिस्टरात घडी घातलेली कार्बन कॉपी मिळाली. तक्त्याचं पहिलं पान. डेन्मार्क, वारा, शंभरातले दोन. खाली मुंगीच्या अक्षरात, 'क्षमतेवरून नव्हे, प्रत्यक्ष निर्मितीवरून'. त्यांनी बरोबरच लिहिलं होतं. तुम्ही पहिलं पान नवीन टाइप करून घेतलंत आणि सहीचं दुसरं पान तसंच ठेवलंत.

कार्बन कॉपीवर सही नाही. ती मी मागाहून टाइप केली असं तुम्ही खुशाल म्हणाल, म्हणून मला ती गावभर दाखवता येत नाही. मला तुमच्या हातचं हवं आहे. आणि पुस्तकाच्या सुरुवातीला हवं आहे, जिथे तुम्ही एक्क्याण्णव सालची फुशारकी मारणार आहात तिथे.

सुचेता फोनवर म्हणाली, "आई, छोड ना आता. बाबा नाहीत, तो माणूस पंच्याहत्तरचा. कशाला इतकं टेन्शन घेतेस?" मी तिला म्हटलं, मी टेन्शन घेत नाही, देते.

उरलेली सव्वीस रजिस्टरं माझ्या पलंगाखाली आहेत. स्पेनचं खरं पानसुद्धा.

शशिकला


९ डिसेंबर २०१८

अच्युतराव,

पत्र मिळालं. दोन पानं, आणि तुम्ही दोन्ही पानांवर सही केली आहे. ते माझ्या लक्षात आलं.

तुमचीच वाक्यं मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे पुढे आठवत नाही म्हणायला नको. 'पहिलं पान मी बदललं. शंकरकडून जेवणाच्या सुट्टीत पुन्हा टाइप करून घेतलं. विश्वासला मीटिंगमध्ये कागद हातात आल्यावर कळलं. त्याच संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो आणि सहा महिन्यांत सगळं निस्तरून देतो असं सांगितलं. तो म्हणाला, राहू दे. पुढे माझं प्रमोशन झालं आणि मी ते तसंच राहू दिलं.'

तसंच राहू दिलं! माणसाची उभी हयात, आणि तुम्ही ती गवतासारखी राहू दिलीत.

त्या संध्याकाळी तुम्ही आला होतात ते मला आठवतं. मी पोहे केले होते. तुम्ही दोघं अंगणात पेरूच्या झाडाखाली उभे होतात, आत आला नाहीत. मला वाटलं, मित्र धीर द्यायला आला आहे. तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, अच्युतराव किती चांगले, एवढं होऊनही घरी आले. विश्वास हात धुता धुता म्हणाले, "चूक माझीच झाली, शशी." त्यावर मी काय म्हणाले ते इथे लिहायची गरज नाही.

तुम्ही शेवटी विनवलं आहे की हे पत्र आपल्या दोघांतच राहावं. पुस्तकात तुम्ही 'आकड्यांसाठी कै. विश्वास आठल्ये यांचा ऋणी आहे' असं लिहाल आणि मी तेवढ्यावर समाधान मानावं. प्रकृतीचंही कारण दिलं आहे.

तुमच्या प्रकृतीची मला काळजी नाही, हे स्पष्टच लिहिते. त्यांना पहिला झटका आला तो स्टोअर्समध्ये असताना, त्रेपन्नाव्या वर्षी. तेव्हा तुम्ही भोपाळमध्येच होतात आणि बंगल्याच्या बागेत कारंजं बसवत होतात.

मी कसलंही वचन देत नाही.

शशिकला


२२ जानेवारी २०१९

अच्युतराव,

परवा आपल्या निवृत्त मराठी मंडळींचा तिळगूळ होता, टाउनशिपच्या जुन्या हॉलमध्ये. चाळीस-पंचेचाळीस जण आले होते. तुम्ही नको म्हणून विनवलं होतं, तरी मी तुमचं पत्र तिथे वाचलं. आधी वीस झेरॉक्स काढून नेल्या होत्या, म्हणजे ऐकू कमी येणाऱ्यांची सोय होईल. हळदीकुंकू झालं, गाणी झाली, मग मी उभी राहिले आणि म्हटलं, मला पाच मिनिटं हवीत. शाळेतला आवाज अजून शाबूत आहे, माइक लागला नाही.

सगळं वाचलं. पहिलं पान, शंकर, त्या संध्याकाळची भेट, तसंच राहू दिलं, तुमची सही. शेवटी म्हटलं, ज्यांना तुम्ही डेन्मार्क म्हणत होतात त्यांचा आकडा बरोबर होता. दोन होते, दोनच लिहिले होते.

मला वाटलं होतं हॉल हादरेल. कुणीतरी अरेरे म्हणेल, कुणी तुम्हाला शिव्या घालेल. इतके दिवस मी रोज संध्याकाळी फिरताना हाच प्रसंग मनात रंगवत होते. प्रत्यक्षात कुणी बशीतला हलवा निवडत होतं, कुणी खाली बघत होतं. झेरॉक्स पुढे सरकत होत्या आणि कुणी वाचत नव्हतं. मला कळेना, यांना ऐकू आलं की नाही. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

तेव्हा शंकर उठला. तुमचा टायपिस्ट, ग्वाल्हेरचा. आता काठी घेऊन चालतो. म्हणाला, "बाई, बसा तुम्ही. हे तर आम्हां सगळ्यांना मालूम होतं. पेज तर मीच टाइप केला होता."

मी विचारलं, कधीपासून मालूम होतं? तो म्हणाला, त्याच आठवड्यापासून. त्यानेच ऑफिसात सांगितलं होतं. ऑफिसातून क्वार्टर्समध्ये पोचायला किती वेळ लागतो, तुम्हाला ठाऊकच आहे.

मी म्हटलं, सगळ्यांना माहीत होतं आणि तुम्ही सगळे मूग गिळून बसलात? सत्तावीस वर्षं? माझ्या घरी चहा पिऊन गेलात, त्यांच्या तेराव्याला जेवून गेलात, आणि कुणाला एक शब्द काढावासा वाटला नाही? मी पुष्कळ बोलले, अच्युतराव. एकेकाचं नाव घेऊन बोलले. वैजयंतीलाही म्हटलं, तू तर भिंतीपलीकडे होतीस. ती रडायला लागली.

शंकरच म्हणाला, "साहेबांनी मना केलं होतं, बाई. घरोघर जाऊन. माझ्याकडे पण आले होते. म्हणाले, हिला कळू देऊ नका. हिला कळलं तर ही अच्युतला सोडायची नाही, आणि त्यातच हिचा जन्म जाईल. माझं काय, मी ऐकून घेईन."

मी खाली बसले. कुणीतरी पाणी आणून दिलं.

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की त्या संध्याकाळी मी काय म्हणाले ते लिहायची गरज नाही. आता लिहिते. मी म्हटलं, "आठ हजार सातशे साठ तास? माझ्या सातवीतल्या पोरी अशी चूक करत नाहीत. मला उद्या शाळेत तोंड दाखवायला लाज वाटेल." आणि हे एकदाच नाही. दूध उतू गेलं की, बिल भरायची तारीख चुकली की, भाजीवाल्याने दोन रुपये जास्त घेतले की, मी म्हणायची, तुमचं गणित सगळ्या भोपाळला माहीत आहे. मुद्दाम मोठ्याने म्हणायची. टाउनशिपच्या भिंती किती पातळ, ते तुम्हाला सांगायला नको. ते रविवारी रजिस्टर घेऊन बसले की मी म्हणायची, पुन्हा नापास व्हायचं आहे का? निवृत्तीनंतर मी त्यांना आकडे वाचून दाखवायची असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं ना तुम्हाला? डोळे तर अधू झालेच होते. पण मी दर आकडा दोनदा वाचायची आणि म्हणायची, नीट लिहा, गुणाकार करू नका. ते हो म्हणायचे आणि पानाच्या तळाशी सही करायचे.

सुचेताच्या लग्नात आचाऱ्याने विचारलं, किती पानं वाढायची, मोजून सांगा. विश्वास उठले. मी भर मांडवात म्हटलं, यांना मोजायला बसवू नका, दोनशेची हजार करतील. जावयाच्या घरचे हसले. परवा हॉलमध्ये होती ती सगळी माणसं त्या मांडवात होती. त्यांतलं कुणी हसलं नव्हतं, हे मला परवा आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, या लोकांना विनोद कळत नाही.

त्यांच्याकडे एक कार्बन कॉपी होती. एकदा माझ्यापुढे टाकली असती तर माझं तोंड बंद झालं असतं. पण मग मी उठून जनरल मॅनेजरच्या बंगल्यावर गेले असते, तुमच्या दारात बसले असते, वर्तमानपत्रात गेले असते. हे सगळं मी नक्की केलं असतं. ते मला ओळखून होते. मी मात्र इतकी वर्षं एका ताटात जेवून त्यांना ओळखलं नाही.

वैजयंतीने काल दोनदा बेल वाजवली. मी दार उघडलं नाही. अजून तिच्याशी काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

तुम्हाला माफी नाही. कुणी चुकूनही असा समज करून घेऊ नये की मी हॉलमधून मऊ होऊन परतले. तुम्ही केलंत ते तुम्हीच केलंत आणि ते छापून आलंच पाहिजे. उद्या सव्वीसही रजिस्टरं पार्सलने निघतील, स्पेनचं खरं पानही सोबत आहे, तुमच्याकडच्या २०१०च्या रजिस्टरात ते जागच्या जागी शिवून घ्या. आकडे हवे तसे वापरा, तळटिपा गाळू नका. ऋणनिर्देश वगैरे नको. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी देते तेवढाच मजकूर घालायचा, आणि तो छापलेला पाहिल्याशिवाय मी मरणार नाही, एवढं लक्षात ठेवा:

'१९९१च्या तक्त्याचं पहिलं पान मी बदललं. विश्वास आठल्ये यांचा आकडा बरोबर होता. हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. फक्त त्यांच्या बायकोला माहीत नव्हतं, आणि त्या चुकीबद्दल त्यांना सर्वांत जास्त तिनेच छळलं.'

यातला एक शब्दही बदलायचा नाही. शेवटचं वाक्य गाळावंसं वाटेल, सभ्य दिसावं म्हणून. गाळलंत तर मी स्वतः पुण्याला येईन.

शशिकला विश्वास आठल्ये